बकलातला अँटेना

वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांचं सगळं उमेदीचं आयुष्य एसटीच्या स्टिअरिंगमागं गेलं. शेवगावहून नगर, पैठण, पाथर्डी, कोपरगाव, जिकडं गाडी लागेल तिकडं ते जात. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटल्यावर एका सकाळी त्यांनी ट्रंकेतले खाकी कपडे काढून अंगावर चढवले, कमरेला रुंद पट्टा आवळला आणि आईला म्हणाले, "डबा भर. ड्युटी हाय."

आईला वाटलं, चेष्टा करताहेत. ती हसली. तात्या हसले नाहीत. डब्याची वाट न बघताच ते चालत स्टँडवर गेले. तिथल्या चालकांमध्ये त्यांना ओळखणारे अजून होते. त्यांनी तात्यांना बसवून चहा पाजला आणि माझ्या धाकट्या भावाला फोन लावला. भाऊ शेवगावातच राहतो, त्याचं पशुखाद्याचं दुकान आहे. त्यानं मोटारसायकलवरून त्यांना घरी आणलं. नंतर नगरच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश हा शब्द उच्चारला आणि हा आजार पुढंपुढंच जातो, मागं फिरत नाही, हेही समजावून सांगितलं.

मी नगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. माझा विषय अँटेना. पूर्वी घरावर जो काठ्यांचा अँटेना दिसायचा तो आता दिसत नाही, कारण तो उपकरणाच्या पोटात गेला आहे. मोबाईलचं टॉवरशी बोलणं, उपग्रहांकडून ठिकाण समजणं, ब्लूटूथ, या प्रत्येकाचा बँड वेगळा, म्हणजे प्रत्येकाची लाट वेगळ्या लांबीची. साधारण लाटेच्या पाव लांबीचा धातू हवा, तरच ती लाट नीट सुटते. मोबाईलच्या खालच्या बँडची लाट जवळजवळ फूटभर असते, तिला चार बोटं लांबीची तार लागते. ब्लूटूथला त्याहून बरीच कमी. हे सगळं अंगठ्याएवढ्या जागेत, एकाच धातूच्या तुकड्यातून साधायचं, हे माझं काम. त्यावर मी प्रबंध लिहिला होता, परिषदांमध्ये बोलले होते. माझे अँटेना कॉम्प्युटरच्या पडद्यावर, मोकळ्या हवेत तरंगत असत. त्यांच्या जवळपास कधी माणूस नसे.

तात्या दुसऱ्यांदा निघून गेले ते ऊसतोडीच्या हंगामात. दुपारी आई दळण आणायला गेली आणि परत आली तर घर मोकळं. स्टँडवर कुणाला दिसले नव्हते. सगळे नातेवाईक शोधायला निघाले. ती रात्र आम्ही कशी काढली ते मला लिहिता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भावाला अनोळखी नंबरवरून फोन आला. कोपरगावकडच्या एका उसाच्या फडाजवळ तोडणी कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या, तिथं तात्या होते.

आम्ही दोघं पोचलो तेव्हा ते पाचटाच्या कोपीबाहेर पोत्यावर बसून भाकरी खात होते. एक बाई त्यांच्या ताटात चटणी वाढत होती. ती म्हणाली, "रातच्याला उसाच्या ट्रकमधनं उतरून चालत आले. आमच्या पाथर्डीकडचंच बोलनं हुतं त्यांचं, म्हनून ठिवून घेतलं. नाव सांगता येईना. घडी घडी म्हनायचे, शेवगावची गाडी काढायचीय, टाइम झाला. आज सकाळी खिशात चिठ्ठी गावली दुकानाची, तिच्यावर नंबर हुता."

तात्यांचे पाय सुजले होते. एका चपलेचा अंगठा तुटलेला. भावानं त्यांना उचलून गाडीत बसवलं आणि बोनेटवर डोकं टेकवून तो रडला. लहानपणापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं दाराला बाहेरून कडी बसवून घेतली.

"दुसरा काय इलाज हाय, ताई?" तो म्हणाला. "तू नगरला. मी दुकानात. आई किती धावंल?"

पुढचे काही आठवडे मी शनिवारी घरी गेले की तात्या आतून दारावर थापा मारताना ऐकू येत. आधी रागानं. मग विनवणी. "अहो कंडक्टर, दार उघडा. प्याशिंजर खोळंबलेत." आई स्वयंपाकघरात पाठ करून बसलेली. तिचा हात भांड्यावर नुसता फिरत असायचा.

बाजारात माणसाचं ठिकाण सांगणारी उपकरणं मिळतात. मी घड्याळ आणलं. त्यांनी ते मनगटावरून काढून तुळशीच्या कुंडीत ठेवलं. गळ्यात अडकवायचं आणलं, तर दोरी दातानं तोडली. मोबाईल दिला की तो बाजेवर विसरत. आईच मग एकदा म्हणाली, "त्यांचं सगळं जातंय, पन पट्टा जात न्हाई. आंघोळ झाली की आधी पट्टा मागतात. धोतर नेसवलं तरी वर पट्टा."

तो पट्टा नोकरीच्या सुरुवातीच्या काळातला होता. चामडं दोनदा बदललेलं, पण पितळी बक्कल मूळचं. तळहाताएवढं, चौकोनी, कडेनं जाड. मी ते हातात घेऊन पाहिलं आणि माझ्यातल्या शिक्षिकेनं लगेच निकाल दिला, की याच्याजवळ अँटेना चालणार नाही. पुढं धातूची जाड चौकट, मागं माणसाचं पोट. धातू लाट अडवतो आणि शरीर ती पिऊन टाकतं. शरीर म्हणजे अर्ध्याहून जास्त खारं पाणी. त्याच्या शेजारी ठेवलेला अँटेना आपला सूर सोडतो, त्याचा बँड खाली घसरतो.

पण कडी डोळ्यापुढून हलत नव्हती. मी कॉलेजातून सुट्टी घेतली आणि कामाला लागले.

आजकालच्या मोबाईलची धातूची कड हीच त्याचा अँटेना असते. तसंच इथंही करायचं मी ठरवलं. बकलाशी भांडायचं नाही, बकलालाच अँटेना करायचं. चौकटीच्या कडेत एक बारीक चीर पाडली की वीज तिथं थांबते आणि उलट्या बाजूनं लांब वळसा घेते. तो लांब वळसा मोबाईलच्या खालच्या बँडला पुरतो. दुसऱ्या बाजूचा आखूड तुकडा वरच्या बँडला आणि ब्लूटूथला. उपग्रहासाठी एक छोटी वेगळी पट्टी वरच्या काठाला, म्हणजे ती आभाळाकडं तोंड करून राहील. बाकी यंत्र आणि बॅटरी चामड्याच्या दोन थरांमध्ये. रोज आंघोळीच्या वेळी आईनं ती चार्ज करायची.

शरीराऐवजी चाचणीला आम्ही साखर-मिठाचं पाणी वापरतो. ठराविक प्रमाणात मिसळलं तर लाटेला ते माणसासारखंच वाटतं. सुट्टीत मी शेवगावातच असल्यामुळं ते स्वयंपाकघरात बनवलं. आई बघत होती.

"पाक करतीस व्हय?"

"तात्या करतेय," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातातून पळी घेतली आणि स्वतः ढवळू लागली.

पाण्याच्या डब्यावर अँटेना ठीक बसला. पण डबा म्हणजे तात्या नव्हेत. शेवटी मी कॉलेजच्या परवानगीनं छोटा नेटवर्क अॅनालायझर घरी आणला. अँटेनाला दिलेल्या शक्तीतली किती परत येते ते हे यंत्र पडद्यावर रेषेनं दाखवतं. रेष जिथं खोल दरीसारखी खाली जाते, त्या बँडवर अँटेना काम करतो. दरी योग्य जागी आली की झालं.

बक्कल कापायला मन होईना, म्हणून आधी नगरच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून मी हुबेहूब नवं बनवून घेतलं होतं. ते पट्ट्याला लावून तात्यांना अंगणात उभं केलं. त्यांनी खाली पाहिलं, अंगठ्यानं चाचपलं.

"ह्यो माझा न्हाई."

"तुमचाच आहे तात्या. घासूनपुसून आणलाय."

"न्हाई." त्यांनी पट्टा सोडून माझ्या हातात दिला. त्या दिवसांत त्यांना माझं नाव आठवत नव्हतं, पण हे कळत होतं.

मग मूळ बकलालाच चीर पाडावी लागली. त्याच वर्कशॉपमध्ये मी उभी राहून ती पाडून घेतली. पातं पितळेत शिरताना मी दुसरीकडं बघत होते. चिरेत राळ भरली, वरून घासून सपाट केलं. घरी आणल्यावर तात्यांनी बकलावरून अंगठा फिरवला. चिरेपाशी तो थांबला. परत मागं गेला, परत तिथं थांबला.

"तडा गेला ह्याला," ते म्हणाले. आणि पट्टा कमरेला बांधून घेतला.

मी बकलाला केबल जोडली. केबलचं दुसरं टोक यंत्रात. तात्या ताठ उभे राहिले, हात मांडीला लावून.

"काय चाललंय?"

"तपासणी आहे तात्या."

"पासिंग व्हय?" त्यांनी मान डोलावली. जुन्या गाड्या पासिंगला नेताना ते असेच गंभीर होत असावेत. "ब्रेक बघून घ्या सायेब. बाकी गाडीला काय न्हाई."

पडद्यावर दऱ्या दिसल्या. मी मुद्दाम अँटेनाचा सूर हवेत थोडा वर ठेवला होता, म्हणजे त्यांच्या पोटाला टेकल्यावर तो घसरून बरोबर जागी येईल. तो जवळपास आला होता. पण दरी स्थिर नव्हती. ती किंचित डावीकडं, खालच्या सुराकडं, सरकायची, मग उजवीकडं, परत डावीकडं. मला वाटलं, केबल सैल आहे. मी जोड आवळले, तरी तेच. मग माझं लक्ष तात्यांच्या पोटाकडं गेलं. श्वास आत घेतला की पोट बकलाला टेकत होतं, दरी डावीकडं जायची. सोडला की मागं हटत होतं, दरी उजवीकडं.

मी पडद्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं असल्या रेषा पाहिल्या होत्या, पण वडिलांचा श्वास कधी इतक्या लक्षपूर्वक पाहिला नव्हता. आई शेजारी येऊन उभी राहिली. मी तिला दाखवलं. "हे हलतंय ना, तो त्यांचा श्वास." तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ ती दोन्हीकडं आळीपाळीनं बघत होती, यंत्राकडं आणि त्यांच्याकडं.

श्वासाच्या दोन्ही टोकांना काम चाललं पाहिजे म्हणून मला बँड थोडा रुंद करावा लागला. ताकद जराशी घटली, ती मी मान्य केली. पंधरवड्यानं पट्टा तयार झाला आणि भावानं बाहेरची कडी स्वतःच्या हातानं काढली. तात्या उंबऱ्यावर आले, थांबले, रस्त्याकडं बघितलं आणि चालू लागले. आई फोन हातात धरून ओट्यावर बसली. फोनवरचा ठिपका गल्लीतून स्टँडकडं गेला. थोड्या वेळानं ती उठली, चप्पल घातली आणि त्यांना आणायला निवांत चालत गेली.

पुढं हेच त्यांचं रोजचं झालं. स्टँडवर त्यांचा एक बाक ठरला. ऊन चढलं की आई जायची आणि दोघं परत यायचे. एकत्र असं चालणं त्यांना ऐन तारुण्यातही कधी जमलं नव्हतं, कारण तात्या सदा गाडीवर. असं आईच म्हणाली.

एकदा मी कॉलेजात वर्गात असताना भावाचा फोन आला. "ताई, ठिपका पळतोय. गाडीत बसले ते." मी वर्ग सोडून बाहेर आले, फोनवर पाहिलं. अमरापूर मागं पडलं. मग तिसगाव. गाडी नगरला येत होती. करंजीच्या घाटात ठिपका थांबला आणि तिथंच राहिला. मला ठाऊक होतं की डोंगराआड टॉवर मिळत नाही. यात अँटेनाचा काही दोष नव्हता आणि तात्यांनाही काही झालेलं नव्हतं. हे सगळं ठाऊक असून मी पडदा पुन्हा पुन्हा ताजा करत होते. बसचा पत्रा, गर्दी, बसल्यावर पोटाची पडलेली घडी, यातलं काय काय मी धरलं नव्हतं त्याचा हिशेब मी मनात करत राहिले. ते घाटात उतरून गेले असतील तर? तेवढ्यात ठिपका एकदम पुढं उमटला, घाट उतरलेला. मी नगरच्या स्टँडकडं धावले.

शेवगावची गाडी लागली. सगळे उतरल्यावर तात्या पुढच्या दारातून सावकाश उतरले, खाकी कपड्यांत, आणि वळून त्यांनी पुढचं चाक पायानं ठोकून पाहिलं. मागोमाग चालक उतरला. तरुणच होता. मी मुलगी आहे हे सांगितल्यावर म्हणाला, "घाटात माझ्या शेजारी उभे होते मॅडम. बसा म्हटलं तर बसेनात. वळण आलं की सांगायचे, आता दुसरा गिअर टाक. मी टाकत गेलो."

मी तात्यांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती, पण माया होती, प्रवाशाला दाखवतात तेवढी.

"बाई, कुटं जायचंय?"

"शेवगावला."

"बसा मग. माजीच गाडी हाय. येळेवर सोडनार."

मी भावाला फोन करून सांगितलं आणि त्याच गाडीत परतीचं तिकीट काढलं. त्यांना खिडकीशी बसवून मी शेजारी बसले. सगळ्या वाटेनं ते मला रस्ता दाखवत होते, कुठं पूल अरुंद, कुठं गुरं आडवी येतात. लहानपणी मला त्यांच्या गाडीत बसायचं असे आणि ते कधी बसू देत नसत, नोकरीच्या जागी घरचं माणूस नको म्हणून. तिसगावला मी त्यांना पेरू घेऊन दिला. त्यांनी अर्धा मोडून माझ्या हातात ठेवला. "खा बाई. अजून टाइम हाय."

त्यानंतरचं सांगायला थोडंच आहे. पट्ट्यातलं यंत्र ठिकाणाबरोबर सिग्नलची ताकदही कळवत असे. पावसाळा संपता संपता ती कमी होत असल्याचं माझ्या लक्षात आलं. तेच घर, तोच बाक, तोच टॉवर, तरी आकडे उतरत होते. मला वाटलं, राळेत ओल शिरली असेल. अॅनालायझर घेऊन मी घरी गेले. तात्यांना उभं करून केबल जोडली, तर दरी उजवीकडं सरकलेली. अँटेनात काही बिघाड नव्हता. पोट बकलापासून दूर गेलं होतं. पट्ट्याला आईनं नवी भोकं पाडली होती, तरी तो खाली ओघळत होता आणि बक्कल पुढं लोंबत होतं.

"जेवत न्हाईत आता," आई म्हणाली. "घास तोंडात तसाच राहतो."

मी एक बारीक भाग बदलला, सूर खाली आणला. काही दिवसांनी परत बदलावा लागला. तिसऱ्या वेळी भाऊ म्हणाला, "ताई, राहू दे. ते आता अंगनापातूर बी जात न्हाईत." तरी मी ते करून टाकलं. त्यानं मला अडवलं नाही, उलट तात्यांना काखेत धरून तो उभा राहिला, माझं होईपर्यंत. दरी जागेवर आली, आणि जेमतेम हलत होती.

थंडीत ते गेले. सकाळी, आईच्या हातून पाणी पिताना. कुणाला शोधावं न लागता, घरात, आपल्या माणसांत.

दिवस झाल्यावर आईनं पट्टा माझ्यापुढं ठेवला. "कुनाच्या तरी उपयोगी पडंल. असं चुकनारं मानूस काय एका घरात असतं?"

मी तिला सांगितलं की यातलं यंत्र दुसऱ्याला देता येईल, बक्कल नाही. ते त्यांच्या अंगावर मापलेलं. दुसऱ्याच्या कमरेला ते अर्धंमुर्धं चालेल.

"मग दुसऱ्यांचं माप घ्यायचं," आई म्हणाली. तिच्या बोलण्यात काही विशेष नव्हतं. ब्लाऊज शिवायला टाकताना म्हणावं तसं ती म्हणाली.

कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी शोधनिबंध लिहायला सांगितलं. मी लिहिला. त्यात आकृत्या आहेत, श्वासामुळं सरकणाऱ्या बँडचे आलेख आहेत, आणि नियमाप्रमाणं 'एक ज्येष्ठ पुरुष स्वयंसेवक' एवढाच उल्लेख आहे. त्याची वर्तमानपत्रातली बातमी वाचून पारनेर तालुक्यातल्या एका मुलानं, म्हणजे चांगल्या पन्नाशीतल्या गृहस्थांनी, मला फोन केला. त्यांची आई रानात निघून जाते, दोनदा विहिरीच्या कडेला सापडली. ती पट्टा कुठून बांधणार? घड्याळ, गळ्यातलं, सगळं करून झालेलं.

रविवारी मी तिकडं गेले. म्हातारी ओसरीवर बसली होती, नऊवारी, कपाळावर गोंदण. कमरेला खोचलेली कापडी चंची, पान-सुपारीची. मुलगा म्हणाला, तेवढी ती कुणाला हात लावू देत नाही, झोपतानाही उशाखाली घेते. मी तिच्यासमोर बसून चंचीकडं बघत होते. धातू काहीच नाही. नुसतं कापड, आणि तेही कधी कमरेला, कधी हातात, कधी मांडीवर. पितळी चौकटीपेक्षा हे किती तरी अवघड होतं. आधीचं जवळजवळ काहीच इथं उपयोगाचं नव्हतं.

"कोन गं तू?" म्हातारीनं विचारलं.

"माप घ्यायला आलेय, आजी."

तिनं मला खालीवर न्याहाळलं, चंची सोडली आणि सुपारीचं खांड माझ्यापुढं धरलं. मी ते घेतलं आणि तिची चंची कशी उघडते, कशी मिटते, ती कुठल्या हातानं खोचते, हे बघायला लागले.